भाग: 175 मतांचा एक माणूस

आज गोष्ट 2007 ची. मी तेव्हा सानगडीत शाळेत होतो. सगळीकडे एकच चर्चा, मराठी बाई राष्ट्रपती होणार! मी आजोबांना विचारलं, "तुम्ही मत कोणाला दिलं?" ते म्हणाले, "आपल्याला कोणी विचारलंच नाही बाबू."

खरंच आहे. राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. पण प्रत्येक आमदाराचं मत सारखं नसतं. राज्याची 1971 ची लोकसंख्या घ्या, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागा, मग हजाराने भागा. महाराष्ट्र तेव्हा 5 कोटी 4 लाख, आमदार 288. उत्तर येतं 175. उत्तर प्रदेशात हेच 208, सिक्कीममध्ये फक्त 7. म्हणजे आपल्या विधानसभेची एकूण ताकद 50,400 मतं.

आता 2007. एका बाजूला प्रतिभाताई पाटील. जळगावच्या, आमदारकीची सुरुवात 1962 मध्ये, पुढे अमरावतीच्या खासदार, म्हणजे आपल्या विदर्भाशीही नातं. समोर उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत, अपक्ष, पण एनडीएचा पाठिंबा. शिवसेना एनडीएमध्ये. तरी बाळासाहेब ठाकरेंनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. काँग्रेसविरोधात राजकारण करणारा पक्ष काँग्रेसच्या उमेदवारामागे उभा!

इथे थांबून हिशेब करू. 2004 ला सेनेचे 62 आमदार आणि 12 खासदार निवडून आले होते. खासदाराचं मत तेव्हा 708. सगळी मतं धरली तरी होतात साधारण 19 हजार. निकाल काय लागला? प्रतिभाताई 6,38,116, शेखावत 3,31,306. फरक तीन लाखांवर! सेनेची मतं काढून टाका, नव्हे उलट्या बाजूला टाका, त्या तरीही जिंकल्या असत्या.

मग त्या मतांचा उपयोग काय? माझं मत असं, की ती मतं निकालासाठी नव्हतीच. "दिल्लीतली आघाडी वेगळी, आमचं राज्य वेगळं", हे सांगायला होती. आणि हे शक्य झालं कारण या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही आणि मतदान गुप्त असतं. बाकी वेळी आमदाराचं मत पक्षाचं असतं. इथे नियमाने तरी ते त्याचं स्वतःचं.

फक्त एक गोष्ट मला अजून टोचते. घटनेप्रमाणे 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत मोजणी 1971 चीच. त्या 5 कोटी 4 लाखांत आमचे आजोबा आहेत. मी नाही. गंमत बघा, ज्यांना "कोणी विचारलंच नाही", त्यांचं डोकं आजही आमदाराच्या मतात मोजलं जातं. आणि मी मतदार असूनही त्या हिशेबात नाही.

नवे आकडे आले की ज्या राज्यांची लोकसंख्या जास्त वाढली, त्यांचं वजनही वाढेल. तेव्हा भांडण 175 या आकड्यावर होईल. तो आकडा कुठून आला, हे आता तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या भागात!