संरचना-पर्याय आणि कंपायलर-बांधणीतील अपयश : निदानपद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : कंपायलर ही स्वतः एक आज्ञावली असल्याने तिचीही बांधणी करावी लागते आणि ती बहुधा दुसऱ्या कंपायलरकडूनच होते. अशा बांधणीत एखादा पर्याय चुकीचा निवडला गेल्यास दोषाचे मूळ कसे शोधले जाते, याचा जीसीसी या कंपायलरच्या आधारे आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी : १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत 'मेक' हे साधन तयार केले. कोणत्या फाईली पुन्हा संकलित करावयाच्या हे मेक ठरवीत असे. मात्र निरनिराळ्या यंत्रांतील फरक वापरणाऱ्यालाच हाताने नोंदवावे लागत. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी प्रसिद्ध झाला. १९९१ पर्यंत ग्नू प्रकल्पाची साधने इतक्या प्रकारच्या यंत्रांवर पोहोचली होती की मेकफाईलमध्ये सुमारे २० पर्याय निवडावे लागत. त्या वर्षी डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ लिहिण्यास आरंभ केला. त्यातून निर्माण होणारी 'कॉन्फिगर' ही आज्ञावली लहान लहान चाचण्या संकलित करून यंत्राची क्षमता स्वतःच पडताळते.

निदानातील अडचण : या सोयीमुळे दोष आणि त्याची सूचना यांत अंतर पडले. जीसीसी ४.३ (२००८) पासून जीएमपी व एमपीएफआर, तर ४.५ (२०१०) पासून एमपीसी हे गणिती संग्रह अनिवार्य झाले. पर्यायाद्वारे त्यांची वेगळी जागा दर्शविल्यास जोडणी यशस्वी होते. परंतु नवा कंपायलर प्रत्यक्ष चालताना कार्यप्रणालीला ते संग्रह सापडत नाहीत. तेव्हा पडद्यावर उमटते ती 'ऑब्जेक्ट फाईलचा प्रत्यय ठरविता येत नाही' अशा आशयाची सूचना. खरे कारण मुख्य निर्देशिकेत नव्हे, तर लिबजीसीसीच्या उपनिर्देशिकेतील 'कॉन्फिग.लॉग' या नोंदीत असते. तसेच ६४-बिट लिनक्सवर ३२-बिट हेडर फाईली नसतानाही मल्टिलिब पर्याय चालू राहिल्यास बांधणी थांबते. येथे त्या फाईली बसविणे किंवा तो पर्याय बंद करणे हे दोनच मार्ग उरतात.

जीसीसीची बांधणी तीन टप्प्यांत होते. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांतील ऑब्जेक्ट फाईलींची तुलना केली जाते. त्यामुळे अपयश कोणत्या टप्प्यावर आले, हाही निदानाचा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

निष्कर्ष : स्वयंचलनाने निवडीची जबाबदारी संपविली नाही, केवळ दृष्टीआड केली. शेवटच्या सूचनेवर विसंबणारा निर्दोष मूळ आज्ञावलीत बदल करू लागतो आणि एका दोषाचे दोन होतात. म्हणून संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्याइतकेच नोंदी वाचण्याचेही शिक्षण देणे अगत्याचे आहे.