आचरेकर सरांची कारकीर्द मोजायची कशी?

समजा, तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीला 'रमाकांत आचरेकर : एका क्रिकेट प्रशिक्षकाची कारकीर्द' असा विषय घेऊन गेलात. समोरचे सर म्हणतील, "विषय चांगला आहे, पण साधनं काय?" बहुतेकांची दांडी इथेच गुल होते. सचिनचं नाव घेऊन आपण थांबतो. त्यामुळे आज साधनांबद्दलच बोलू.

आधी कागदावर काय आहे ते बघू. आचरेकरांचा जन्म १९३२ सालचा, मालवणकडचा. स्टेट बँकेत नोकरी. खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीचा सामना एकच, १९६३-६४ च्या हंगामातला, स्टेट बँकेच्या संघाकडून. पुढे शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्रिकेट क्लब आणि दादरच्या शारदाश्रम शाळेचा संघ. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री, २ जानेवारी २०१९ रोजी निधन. एवढ्यात कागद संपला. मैदानावर काढलेली सगळी वर्षं यात कुठेच नाहीत.

आता त्यांचेच शिष्य चंद्रकांत पंडित घ्या. राज्य संघाच्या प्रशिक्षकाला प्रत्येक हंगामाचा निकाल असतो. पंडितांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ ला रणजी करंडक जिंकला, विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ ला, मध्य प्रदेशने २०२१-२२ ला. सहा करंडक झाले, मोजायला सोपं. पण शाळेतल्या पोरांना घडवणाऱ्या माणसाचा धावफलक कुठे असतो? म्हणून आचरेकरांवर लिहिणारा प्रत्येक जण आठवणींकडे वळतो.

आठवणी वाईट साधन नाही, फक्त वाचायची पद्धत पाहिजे. सचिन तेंडुलकरने जाहीरपणे सांगितलेले तीन किस्से तुम्हाला माहीत असतील. एक, सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल नाणं त्याचं, कोणीच बाद केलं नाही तर सचिनचं. दोन, सर त्याला स्कूटरवर बसवून एका सामन्यातून दुसऱ्या सामन्याला न्यायचे. तीन, सरांनी त्याच्यासाठी सराव सामना ठरवला होता आणि तो मात्र शाळेचा मोठ्यांचा सामना बघायला वानखेडेवर गेला. तिथे सरांनी पकडलं, थोबाडीत बसली, हातातला डबा उडाला.

हे किस्से सांगणाऱ्याला सांगायची असते सरांची शिस्त आणि माया. ते त्याने ठरवून सांगितलंय. आपल्याला हवंय ते न ठरवता सांगून गेलेलं. पुन्हा वाचा. नाण्याच्या किश्शात साध्या नेट सरावाला सामन्यासारखी जोखीम जोडलेली दिसते. स्कूटरच्या किश्शात एका दिवसात एकाहून जास्त सामने दिसतात. डब्याच्या किश्शात स्वतः सामना ठरवून एका पोराला त्यात जागा मिळवून देणारा माणूस दिसतो. तिन्ही किस्से एकाच दिशेला बोट दाखवतात. आचरेकरांची पद्धत म्हणजे तंत्राचं व्याख्यान कमी आणि प्रत्यक्ष फलंदाजीची संधी जास्त. सचिनला वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रममध्ये जायला त्यांनी सुचवलं, तेही याच कारणासाठी. तिथे शालेय स्पर्धांचे सामने मिळणार होते. हे झालं तुमचं गृहीतक. ते किश्शांतून आलंय, म्हणून ते किश्शांनीच सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. तपासणी दुसऱ्या साधनाने करायची. जुन्या वर्तमानपत्रांतले हॅरिस शील्डचे धावफलक, क्लबांचे सामने, कुठला मुलगा किती वेळा खेळला.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते हीच खरी. या आठवणी सांगतंय कोण? जे जिंकले ते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला. तो होता अमोल मुझुमदार.

तुमच्या प्रबंधात 'यशस्वी शिष्य' म्हणजे 'भारताकडून कसोटी खेळलेला' अशी व्याख्या असेल, तर मुझुमदार बाद. प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा, पण भारताकडून एकही सामना नाही. व्याख्या थोडी बदला. जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजीचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक पंडित, मुंबईचे मुझुमदार. दोन्ही बाजूंना आचरेकरांचे विद्यार्थी. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक मुझुमदारच होते. व्याख्येतला एक शब्द बदलला की कारकिर्दीचा इतिहास बदलतो. म्हणून मार्गदर्शक 'संकल्पना स्पष्ट करा' म्हणून मागे लागतात, तेव्हा वैतागू नका.

पण मुझुमदारही शेवटी नाव असलेला माणूस. शिवाजी पार्कवर पहाटे येऊन गेलेली आणि नंतर बँकेत, गिरणीत, दुकानात गेलेली पोरं कुठे आहेत? किती जणांनी खेळ सोडला आणि का? ही संख्या हाताशी नसेल, तर 'आचरेकरांमुळे इतके खेळाडू घडले' हे वाक्य अर्धंच राहतं. शंभरातले दहा घडले की हजारातले दहा, यात फरक आहे. यात सरांचा मान कमी होत नाही, उलट त्यांचं काम नेमकं काय होतं ते कळतं.

मी हे नवी पेठेत बसून लिहितेय. इथून पार्क मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. क्रिकेट असो, खो-खो असो वा कुस्ती, वर्षानुवर्षं शिट्टी घेऊन उभा राहणारा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. त्यांच्याकडे हजेरीची वही असते, संघाचे फोटो असतात, मागे तारखा लिहिलेल्या असतात. माणूस गेला की घरचे आवराआवर करतात आणि वही रद्दीत जाते. आचरेकरांचा सचिन तरी होता सांगायला.

तेव्हा विषय मंजूर व्हायची वाट बघू नका. या रविवारी जा. परवानगी विचारून वहीच्या पानांचे फोटो काढा. आणि पहिला प्रश्न 'तुमचा सर्वात मोठा खेळाडू कोण?' हा विचारू नका. विचारा, "सर, पहिल्या वर्षी किती पोरं होती, आणि ती आता काय करतात?"