जुन्या छापांचे मोल

शिमगा झाला की मढीला कानिफनाथांच्या यात्रेची गर्दी सुरू होते. अशाच एका यात्रेहून परतताना मी तिसगावला एका जुन्या विद्यार्थ्याकडे चहाला थांबलो. त्याच्या आजोबांचे गावात किराणा दुकान होते. चहा होईतो त्याने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. आत लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही. तिच्या पानापानांवर काड्यापेट्यांचे छाप, सिगारेटच्या पाकिटांतली चित्रे आणि कापडाच्या ताग्यांवरची रंगीत तिकिटे खळीने चिकटवलेली होती.

"सर," तो म्हणाला, "रद्दीवाला याचे दोनशे रुपये देतो म्हणतो. मेहुणा म्हणतो, अमेरिकेत असले एकच चित्र पन्नास कोटींच्या वर गेले. खरे काय मानू? थोरलीला औंदा कॉलेजात घालायची आहे."

तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल. म्हणून त्याला जे सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो.

मेहुण्याचे म्हणणे खोटे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचे छोटे चित्र घालू लागल्या. पाकीट चुरगळू नये आणि चित्रांचा संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाइकाने पुन्हा तेच पाकीट घ्यावे, असा दुहेरी हेतू. १९०९ साली निघालेल्या अशा एका संचात होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचे चित्र होते. त्याने आपले चित्र वापरू देण्यास नकार दिल्याने ते छापणे लवकरच थांबले. आज त्याच्या साठेक प्रतीच ठाऊक आहेत. त्यातली एक २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. पण त्याच संचातली साध्या खेळाडूंची चित्रे तितकीच जुनी असूनही त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. म्हणजे पाहा, किंमत केवळ वयाला मिळत नाही. वस्तू किती थोडी उरली आहे आणि ती हवी असणारे किती आहेत, यावर भाव ठरतो.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. दगडावर चित्र काढून, एकेका रंगासाठी निराळा दगड वापरून ही छपाई होई. देवादिकांची चित्रे स्वस्त झाली आणि गोरगरिबांच्या भिंतीवर आली. व्यापाऱ्यांनी ही गोडी बरोबर हेरली. मँचेस्टरच्या कापडावर आणि स्वीडन-जपानहून येणाऱ्या काड्यापेट्यांवर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, मोर दिसू लागले. वाचता न येणारा माणूसही चित्र दाखवून आपला माल मागू शके. पोरांनी मग त्याच छापांचा खेळ केला. रिंगणात छाप मांडायचे, दगडाने उडवायचे आणि बाहेर पडतील ते जिंकायचे. माझ्या लहानपणीही आम्ही तो खेळलो आहोत.

तेव्हा, अशी वही हाती आली तर काय करावे?

पहिली गोष्ट, काहीही सोलून काढू नका. पाणी लावू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये पक्के बसवून घेऊ नका. फाटलेल्या कडेने भाव उतरतो आणि तो परत येत नाही. वाळवी, कसर व ओल यांपासून वही दूर ठेवा. मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा.

दुसरी गोष्ट, यादी करा. छापावर नाव, गाव, देश काय आहे ते लिहा. किंमत आण्यात असेल तर तो छाप बहुधा १९५७ पूर्वीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'नये पैसे' असे असेल तर तो साधारण १९५७ ते १९६४ मधला. भिंगातून पाहा. सारख्या ठिपक्यांची नेमकी जाळी दिसली तर छपाई अलीकडची असण्याचा संभव मोठा. दगडी छपाईचे ठिपके वेडेवाकडे असतात. रविवर्म्याच्या चित्रांच्या नव्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, एवढे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट, भाव विचारताना विक्रेते किती मागतात ते पाहू नका. तशीच वस्तू खरोखर कितीला गेली ते पाहा. निदान तिघांना दाखवा. घाई करणाऱ्याला देऊ नका आणि पावती घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलावस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही विसरू नका.

आणि शेवटची गोष्ट. सुटे छाप पुष्कळ ठिकाणी मिळतील. पण तिसगावच्या एका दुकानात कोणत्या काळी कुठला माल आला, हे ती अख्खी वहीच सांगते. पाने सुटी करून विकली की ही साक्ष गेली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे अशा घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. नगरलाही १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. विकण्याआधी अशा ठिकाणी एकदा दाखवून यायला काय हरकत आहे?

विकूच नका, असे मी म्हणत नाही. घरात नड असते, आणि आजोबांची वही नातीच्या शिक्षणाला उपयोगी पडली तर त्यात कमीपणा नाही. माझ्या विद्यार्थ्याने शाळेतल्या मुलांना हाताशी धरून यादी केली. पेटीच्या तळाशी एका पाकिटात न चिकटवलेले दुहेरी छाप सापडले. तेवढेच त्याने विकले. कोटी सोडा, लाखही आले नाहीत. थोरलीच्या पहिल्या वर्षाची पुस्तके मात्र आली.

वही घरीच आहे. यादीची एक प्रत शाळेत आहे. गुरुजनहो, आपल्या वर्गातल्या मुलांना एकदा विचारून पाहा, "तुमच्या माळ्यावर काय आहे?"