यजमानांचाच चषक : मोंटेव्हिडिओ, १९३०

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी आता देशोदेशीचे संघ पात्रता फेऱ्यांत वर्षानुवर्षे झुंजतात. पहिल्या स्पर्धेच्या वेळी मात्र चित्र नेमके उलट होते. संघांनी यावे म्हणून यजमानांना विनवण्या कराव्या लागल्या होत्या. प्रवासाचा आणि निवासाचा सारा खर्च देऊ, असे आश्वासन देऊनही युरोपातून जेमतेम चार संघ आले. पात्रता फेरी घेण्याची वेळच आली नाही.

हे यजमानपद उरुग्वेकडे आले ते १९२९ साली, बार्सिलोना येथे भरलेल्या 'फिफा'च्या अधिवेशनात. इटली, स्पेन, हॉलंड, स्वीडन आणि हंगेरी हेही इच्छुक होते. पण उरुग्वेचा दावा भक्कम होता. १९२४ आणि १९२८ अशा दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यांनी पटकावले होते. शिवाय १८ जुलै १९३० रोजी देशाच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. वीस लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या या देशाने शताब्दीचा उत्सव आणि विश्वचषक एकत्र गुंफला. त्यासाठी वास्तुविशारद हुआन आंतोनिओ स्कासो यांच्या आराखड्यानुसार 'एस्तादिओ सेंतेनारिओ' म्हणजेच 'शताब्दी स्टेडियम' उभारण्यात आले. प्रेक्षागृहांपैकी दोहोंना कोलोंब आणि अ‍ॅमस्टरडॅम ही नावे देण्यात आली. ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली ती हीच मैदाने. पावसामुळे मात्र बांधकाम रखडले आणि १३ जुलैला सुरू झालेल्या स्पर्धेचे पहिले सामने शहरातील लहान मैदानांवर खेळवावे लागले.

युरोपच्या नकाराचे कारण अंतर हे होते. अटलांटिक ओलांडायला सुमारे दोन आठवडे, परतायला तितकेच आणि मधल्या काळात स्पर्धा! एवढा काळ खेळाडूंना सोडण्यास ना क्लब तयार होते, ना मालक. ब्रिटिश संघटना तर १९२८ मध्येच 'फिफा'तून बाहेर पडल्या होत्या. अखेर 'फिफा'चे फ्रेंच अध्यक्ष ज्यूल रिमे यांच्या आग्रहामुळे फ्रान्स आणि बेल्जियम तयार झाले. रुमानियाच्या खेळाडूंच्या रजेसाठी खुद्द राजे कॅरोल दुसरे यांनी शब्द टाकला. हे तिन्ही संघ, रिमे आणि त्यांच्या सामानातील सोन्याचा मुलामा दिलेला चषक 'काँते व्हेर्दे' या एकाच जहाजातून निघाले. सराव अर्थातच डेकवर! वाटेत रिओमध्ये ब्राझीलचा संघही त्याच जहाजावर चढला. युगोस्लाव्हियाने दुसरे जहाज धरले. एकूण संघ भरले तेरा.

विश्वचषकातील पहिला गोल फ्रान्सच्या लुसिएन लोराँने मेक्सिकोविरुद्ध १९ व्या मिनिटाला केला. त्याच सामन्यात फ्रान्सचा गोलरक्षक आलेक्स तेपो जखमी झाला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. मधल्या फळीतील शांत्रेल गोलजाळ्यासमोर उभा राहिला आणि दहा जणांच्या फ्रान्सने सामना ४-१ असा जिंकला. लोराँला दीर्घायुष्य लाभले. १९९८ मध्ये मायदेशी फ्रान्स जगज्जेता झालेला त्याने पाहिला.

यजमानांचा पहिला सामना शताब्दीच्या दिवशी, १८ जुलैला पेरूशी झाला. नव्या स्टेडियममधील पहिला गोल एक्तोर कास्ट्रोने केला आणि उरुग्वेने १-० असा विजय मिळवला. कास्ट्रोचा उजवा हात बालपणीच्या अपघातात कोपराखाली तुटला होता. प्रशिक्षक आल्बेर्तो सुपिची यांची शिस्त तर अशी कडक, की शिबिरातून रात्री गुपचूप बाहेर पडलेल्या मासाली या ऑलिंपिक विजेत्या गोलरक्षकालाच त्यांनी संघातून वगळले. उपांत्य फेरीत उरुग्वेने युगोस्लाव्हियाला आणि अर्जेंटिनाने अमेरिकेला ६-१ अशा सारख्याच फरकाने हरवले.

३० जुलैच्या अंतिम सामन्यात मग शेजारीच समोरासमोर आले. अ‍ॅमस्टरडॅमला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अर्जेंटिनाला उरुग्वेनेच हरवले होते. ती सल ताजी होती. ला प्लाता नदीचे विशाल मुख ओलांडून अर्जेंटिनाचे पाठीराखे बोटी भरभरून निघाले. दाट धुक्यामुळे अनेकांना वेळेत पोहोचताही आले नाही. प्रेक्षकांची शस्त्रांसाठी झडती घेण्यात आली. बेल्जियमचे पंच जॉन लांगेनस यांनी सुरक्षेची हमी मिळाल्याशिवाय शिट्टी हाती घेतली नाही. वाद चेंडूवरूनही झाला. दोन्ही संघांना आपापलाच चेंडू हवा होता! तोडगा निघाला तो असा : पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने, उत्तरार्ध उरुग्वेच्या.

योगायोग म्हणा किंवा काही, निकालही चेंडूनुसारच फिरला. दोरादोने यजमानांना आघाडी दिली. पण पेउसेले आणि स्टाबिले यांच्या गोलांमुळे मध्यंतराला अर्जेंटिना २-१ अशी पुढे होती. स्टाबिलेचा गोल ऑफसाइड असल्याचा कर्णधार होसे नसाझ्झीचा आक्षेप पंचांनी फेटाळला. स्पर्धेत आठ गोल करणारा हा स्टाबिले मुळात राखीव खेळाडू; कर्णधार फेरेइरा परीक्षेसाठी मायदेशी गेला म्हणून त्याला संधी मिळाली होती. उत्तरार्धात मात्र सेआने बरोबरी साधली, इरिआर्तेने आघाडी मिळवून दिली आणि शेवटच्या क्षणांत कास्ट्रोने चौथा गोल केला. उरुग्वे ४, अर्जेंटिना २.

दुसऱ्या दिवशी उरुग्वेत राष्ट्रीय सुटी जाहीर झाली. ब्युनोस आयर्समध्ये संतप्त जमावाने उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली. युरोपने पाठ फिरवल्याचा राग उरुग्वे विसरला नाही. १९३४ साली इटलीतील स्पर्धेवर त्याने बहिष्कार टाकला. जगज्जेतेपद राखण्यासाठी मैदानातच न उतरलेला तो आजवरचा एकमेव विजेता. २०३० ची स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोकडे देताना 'फिफा'ने शताब्दीचा पहिला सामना मात्र मोंटेव्हिडिओला दिला आहे.