न दिसलेल्या दोषाचा स्वीकार : स्फटिकातील स्थानभ्रंशाचा इतिहास (१९२६–१९५६)

पदवी स्तरावरील घनावस्था भौतिकीत बिंदुदोष, रेषीय दोष व पृष्ठीय दोष असे वर्गीकरण आधी दिले जाते आणि व्याख्या पाठ झाल्या की प्रकरण संपते. या मांडणीमुळे दोष प्रथम सूक्ष्मदर्शकात दिसले व त्यांचा सिद्धांत नंतर रचला गेला, असा समज होतो. रेषीय दोषांच्या, म्हणजेच स्थानभ्रंशांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. प्रस्तुत लेखात त्या तीस वर्षांचा मागोवा घेतला आहे.

प्रारंभ एका विसंगतीतून झाला. १९२६ मध्ये याकोव्ह फ्रेंकेल या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने निर्दोष स्फटिकातील अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकवण्यास किती प्रतिबल लागेल, याचे गणित मांडले. उत्तर आले कर्तन गुणांकाच्या सुमारे एक षष्ठांश. तांब्यासाठी हे मूल्य काही अब्ज पास्कल भरते. शुद्ध तांब्याचा एकल स्फटिक मात्र सुमारे दहा लाख पास्कल प्रतिबलालाच कायमचा विरूप होतो. हजारो पटींची ही तफावत मोजमापातील चूक म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

१९३४ मध्ये केंब्रिजचे जी. आय. टेलर आणि हंगेरीत जन्मलेले एगॉन ओरोवान व मायकेल पोलान्यी या तिघांनी एकच उत्तर सुचवले. ओरोवान व पोलान्यी यांचे लेख तर एका जर्मन नियतकालिकाच्या एकाच खंडात आले. कल्पना अशी की, अणूंचे एखादे प्रतल स्फटिकात मध्येच संपते. त्या कडेपाशी बंध क्रमाक्रमाने तुटतात, नव्याने जुळतात व कड पुढे सरकते. संपूर्ण थर एकदम हलवावा लागत नाही. जड सतरंजी ओढून हलत नाही, पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे रेटत नेली की सतरंजी सहज सरकते, तसेच हे.

टेलर यांनी यातूनच दृढीकरणही उलगडले. विरूपणासोबत धातूत स्थानभ्रंश साचतात, परस्परांना अडवतात आणि धातू कठीण होतो. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठर झालेले भांडे तापवून पुन्हा मऊ केले जाते. उष्णतेने हे साचलेले स्थानभ्रंश कमी होतात. थोड्या दोषांनी धातू मऊ राहतो आणि फार दोषांनी कठीण होतो, हे पाहता ‘दोष’ ही संज्ञाच येथे अपुरी वाटते.

स्पष्टीकरण समाधानकारक होते, पण स्थानभ्रंश कोणी पाहिला नव्हता. १९४९ मध्ये ब्रिस्टलच्या एफ. सी. फ्रँक यांनी स्फटिकांच्या वाढीचे कोडे याच कल्पनेने सोडवले : मळसूत्री स्थानभ्रंशामुळे पृष्ठावर कधीही न संपणारी पायरी मिळते व वाढ सर्पिलाकार होते. असे सर्पिल लवकरच प्रत्यक्ष आढळले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झालेले अजित राम वर्मा यांनी लंडनमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवर ते दाखवले (१९५१). आपल्या क्रमिक पुस्तकांत या कामाचा उल्लेख अभावानेच येतो, हे खटकते.

तरीही सर्पिल हा पृष्ठावरचा ठसा होता. धातूच्या अंतर्भागातील स्थानभ्रंश १९५६ मध्ये दिसले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न व मायकेल व्हेलन यांना अतिशय पातळ ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या रेषा आढळल्या आणि त्या सरकतानाही दिसल्या. त्याच वर्षी जिनिव्हात वॉल्टर बोलमन यांनी स्टेनलेस स्टीलमध्ये स्वतंत्रपणे तेच पाहिले. १९३४ चे तिन्ही लेखक तेव्हा हयात होते; पोलान्यी मात्र रसायनशास्त्र सोडून मँचेस्टर विद्यापीठातच सामाजिक शास्त्रांकडे वळले होते.