विजेचा प्रवाह आणि माणसाची संमती

श्रोतेहो, बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलणाऱ्या माणसाने मेंदूतल्या विजेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्याच्या कपाळाला तारा लावायच्या त्याला कोणी विचारले काय, हा प्रश्न कामगार चळवळीच्याच जातकुळीचा आहे.

कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळावर ठेवण्यास सांगे. 1801 साली आल्दिनीने बोलोन्यात व्होल्टाच्या विद्युत्‌घटाचा प्रवाह उदासीनतेने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्यावर योजला. खरे वळण लागले ते 1938 च्या एप्रिलात, रोममध्ये. तेथील कत्तलखान्यात डुकरांना विजेने बधिर करीत. त्या झटक्याने ती मरत नाहीत, हे प्राध्यापक चेर्लेत्ती यांनी पाहिले आणि बिनी या सहकाऱ्याच्या साह्याने माणसासाठी यंत्र सिद्ध केले. कसायांच्या रोजच्या कामाने विद्वानांना वाट दाखविली! मात्र पहिला रोगी रेल्वे-स्थानकावर भटकताना सापडलेला इसम होता. त्याची संमती कोणी घेतली नाही.

या उपचाराने आकडी येते. भूल न देता तो केल्यास मणक्याची हाडे मोडण्याचा धोका असतो. 1950 नंतर स्नायू सैल करणारी सोयीची औषधे आली. तरीही आपल्या देशात भुलतज्ज्ञ नाही, पैसा नाही, या सबबीवर बिनभुलेचा झटका पुष्कळ वर्षे चालू राहिला. मुलुंडचा नाका ओलांडला की ठाण्याचे 1901 सालचे मनोरुग्णालय. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आमच्या उपनगरांतली जुनी थट्टा. तिच्यात हसू थोडे, भीती फार.

2001 साली ‘सार्थक’ संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो 29 मे 2018 पासून अंमलात आला, बिनभुलेच्या झटक्यावर बंदी घातली. योग्य रीतीने दिलेला हा उपचार तीव्र नैराश्यात आजही उपयोगी पडतो. स्मरणशक्तीला काही काळ बाधा येते, हेही रोग्याला सांगितले पाहिजे.

दरम्यान विज्ञान पुढे गेले. 2000 साली ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी दाखविले की, अत्यंत सौम्य प्रवाहानेही मेंदूच्या पेशींची उत्तेजनक्षमता काही काळ बदलते. झटक्यात सुमारे 800 मिलिअँपिअर, तर येथे केवळ 1 ते 2. रोगी जागा असतो, आकडी येत नाही. बंगळूरच्या निमहान्समध्ये छिन्नमनस्कतेत कानी पडणाऱ्या भासमय आवाजांवर याचे संशोधन झाले आहे. निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. म्हणूनच चाचण्या हव्यात. अशा चाचणीत काहींना प्रवाह थोडाच वेळ देऊन गुपचूप बंद करतात, म्हणजे खरा गुण कशाचा ते कळते. ही फसवणूक नव्हे. मात्र आपल्या वाट्याला खोटा उपचारही येऊ शकेल, हे रोग्याला आधी ठाऊक असले पाहिजे.

इंग्रजी कागदावर अंगठा उठवून घेतलेल्या करारांशी आम्ही आयुष्यभर झगडलो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या बांधवांनो, रुग्णालयातला कागदही मराठीत वाचून घ्या, शंका विचारा, नकाराचा हक्क जाणा. आजारात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याची सोयही याच कायद्याने दिली आहे. प्रत्येक युनियनच्या कचेरीत तो लेख करून देण्यास एक माणूस बसविणे आता आमच्या हाती आहे.