साक्षीला उभं केलेलं घड्याळ

ग्वांतानामो बे इथल्या अमेरिकी तुरुंगातल्या कैद्यांच्या फायली वाचताना एक नोंद पुन्हा पुन्हा भेटते : पकडलं तेव्हा या माणसाकडे कॅसिओचं घड्याळ होतं. मॉडेल एफ-९१डब्ल्यू, नाहीतर त्याचा चंदेरी भाऊ ए-१५९डब्ल्यू. जगभर लाखोंनी विकलं जाणारं हे स्वस्त घड्याळ माणसाविरुद्ध साक्षीला कसं उभं राहिलं, याचं उत्तर शोधताना मला आधी त्या घड्याळाचाच इतिहास पाहावा लागला.

डिजिटल घड्याळ जन्मलं ते श्रीमंतांसाठी. १९७२ साली हॅमिल्टन कंपनीचं ‘पल्सर’ अमेरिकेत विक्रीला आलं. सोन्याची केस आणि किंमत २,१०० डॉलर. त्याचे लाल एलईडी आकडे इतकी वीज खायचे की ते सतत पेटते ठेवणं परवडत नसे. बटण दाबलं की वेळ क्षणभर उजळायची आणि विझायची. काही वर्षांतच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकच्या केसमधली तशीच घड्याळं २० डॉलरला आणि पुढे १० डॉलरला विकायला काढली. चैनीची वस्तू बघता बघता बाजारात आली.

एलईडीला मागे टाकलं ते एलसीडीने. हा पडदा स्वतः उजेड देत नाही, बाहेरचा उजेड फक्त अडवतो. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. आकड्याच्या ज्या रेघेला वीज मिळते, तिथल्या रेणूंची रचना बदलते आणि ती रेघ काळी दिसते. याला वीज नगण्य लागते, म्हणून वेळ चोवीस तास समोर राहते. १९७३ मध्ये सेकोने सहा आकडी एलसीडी घड्याळ आणलं, तर १९७४ मध्ये कॅसिओने ‘कॅसिओट्रॉन’. कॅसिओ मुळात कॅल्क्युलेटर बनवणारी कंपनी. तिच्या लेखी वेळ मोजणं म्हणजे एकात एक मिळवत जाणं.

ती बेरीज चालते क्वार्ट्‌झच्या बारीकशा तुकड्यावर. वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो. चिप नेमकं हेच करते आणि दर सेकंदाला एक ठोका मोजते.

मग प्रश्न येतो पाण्याचा. एके काळी पाणीच घड्याळ चालवायचं. १२०६ साली अल-जझरीने आपल्या ग्रंथात वर्णन केलेल्या हत्तीच्या घड्याळात भोक असलेलं भांडं हौदात हळूहळू बुडतं आणि त्यावर अर्धा तास मोजला जातो. विजेवरच्या घड्याळात मात्र तेच पाणी शत्रू ठरलं. काट्यांच्या घड्याळात वेळ लावायची किल्ली बाजूने बाहेर येते आणि तिथलं भोक ही पाणी शिरायची सोपी वाट असते. डिजिटल घड्याळात ती किल्लीच नाही. पण बटणं आहेत, त्यामुळे प्रत्येक बटणाच्या दांडीभोवती आणि मागच्या झाकणाखाली रबरी कडं बसवावं लागतं.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. पाणबुड्याच्या रक्तात या दाबाखाली नायट्रोजन मुरतो. तो किती वेळ खाली होता, यावर त्याने किती सावकाश वर यायचं हे ठरतं. म्हणून त्याच्या मनगटावरचं घड्याळ जिवाशी जोडलेलं असतं. काट्यांच्या घड्याळात ही वेळ फिरत्या कड्यावर खूण करून मोजायचे, डिजिटलमध्ये ते काम स्टॉपवॉच करतं. पाणबुड्यांच्या घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. किमान १०० मीटरची क्षमता आणि नमूद खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाची चाचणी त्यात सांगितली आहे. १९८०च्या दशकात कॅसिओने मार्लिन माशाचं चित्र असलेली १०० मीटरची घड्याळं काढली. १९८३ मध्ये किकुओ इबे यांच्या कल्पनेतून २०० मीटरचं पहिलं जी-शॉक आलं.

एफ-९१डब्ल्यू हा याच घराण्यातला गरीब भाऊ. १९८९ मध्ये आलेल्या या घड्याळाची रचना र्युसुके मोरियाई यांची. वजन अवघं २१ ग्रॅम, बॅटरी सुमारे सात वर्षं चालणारी. गजर, स्टॉपवॉच, तारीख आणि दर तासाला बारीक बीप, एवढा सगळा संसार. तबकडीवर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेलं असलं तरी बुडी मारायला ते नाही. घाम, पाऊस आणि हात धुणं एवढ्यापुरतं ते आहे. आपल्या घरांत तेवढं पुरेसं होतं. वजू करताना हात कोपरापर्यंत धुतात आणि पट्ट्याखालच्या त्वचेलाही पाणी पोहोचावं लागतं, म्हणून घड्याळ सरकवायचं किंवा काढून ठेवायचं. दिवसातून पाच वेळा ओल्या होणाऱ्या मनगटाला न गंजणारं, न भिजणारं स्वस्त घड्याळ सोयीचंच. कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सुट्टीतल्या बॅगेत अशी घड्याळं हमखास असत. रमजानमध्ये सहेरीला त्याच गजराने जाग यायची.

पण या घराण्याच्या इतिहासात रक्तही आहे, ते झाकायचं कारण नाही. डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपाईन एअरलाइन्सच्या विमानात रमझी युसूफने ठेवलेल्या बॉम्बमध्ये कॅसिओचं डिजिटल घड्याळ होतं. त्यात एक जपानी प्रवासी मारला गेला. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या सीमेवर स्फोटकांसह पकडलेल्या अहमद रेसामचे टायमरही कॅसिओ घड्याळांचे होते. तपास यंत्रणेने अशा घड्याळाकडे लक्ष देणं गैर नव्हतं. गैर झालं ते पुढे.

ग्वांतानामोच्या सुनावण्यांचे कागद २००६ मध्ये उघड झाले. त्यात एक तुर्की कैदी विचारतो की, हे घड्याळ तुमचे सैनिकही घालतात, मग तेही दहशतवादी का? कुवेतचा एक कैदी सांगतो की, तुरुंगात आलेल्या लष्कराच्या चारही धर्मगुरूंच्या हातावर हेच घड्याळ आहे. २०११ मध्ये विकिलीक्समुळे बाहेर आलेल्या फायलींत तर हे घड्याळ अल-कायदाची खूण म्हणून नोंदवलेलं सापडलं. अल-कायदाच्या प्रशिक्षणात ते वाटलं जात असे, हे त्यामागचं कारण.

त्याच कागदांत आणखी एक आकडा आहे आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. ही घड्याळं घेऊन पकडलेल्या कैद्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांचा स्फोटकांशी ज्ञात संबंध होता, असं लष्कर म्हणतं. ‘संबंध’ म्हणजे तरी काय? स्वतः प्रशिक्षण घेतलेलं असणं, अशा ठिकाणाशी नातं असणं किंवा अशा तज्ज्ञाशी ओळख असणंही त्यात धरलं आहे. इतकं मोठं जाळं टाकूनही तिघांतले दोघे त्याबाहेर राहिले. आणि ज्यांच्याकडे हे घड्याळ नव्हतं, त्या कैद्यांमध्ये हे प्रमाण किती? ही तुलना केल्याशिवाय घड्याळावरून काहीच ठरत नाही. संशयाची सुरुवात म्हणून जी वस्तू तपासायला हवी होती, तीच निष्कर्षाच्या बाजूने फाईलमध्ये लावली गेली.

यातली किंमत त्या तुरुंगापुरती थांबत नाही. दाढी, टोपी, मोबाइलमधला एखादा नंबर, घरातलं उर्दू पुस्तक... सामान्य माणसाची सामान्य वस्तू विशिष्ट नावाच्या माणसाकडे सापडली की तिचा अर्थ बदलतो, हे आपल्याकडेही कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. म्हणून पुरावा पुढे आला की ‘हे आणखी कुणाकुणाकडे आहे?’ हा साधा प्रश्न विचारायची सवय आपण सोडू नये. वकिलांनीही नाही, वार्ताहरांनीही नाही.

एफ-९१डब्ल्यू आजही बनतं, आजही विकलं जातं. नकली मालही भरपूर आहे. तो ओळखायला त्याचं उजवं बटण तीन सेकंद दाबून धरतात. अस्सल घड्याळ पडद्यावर कंपनीचं नाव लिहून दाखवतं. स्वतःबद्दल एवढी एक साक्ष ते खरी देतं. घालणाऱ्याबद्दल त्याला काहीही ठाऊक नसतं.